नागपूरचा नकाशा आणि टाटांचे पोलाद : खनिजांविषयीचे ज्ञान सामायिक कसे झाले?

#थ्रेड #इतिहास

१/
सन १९०३. मध्य प्रांताची राजधानी नागपूर. दोराबजी टाटा सचिवालयात एक नकोशी बातमी घेऊन आले होते : चांदा जिल्ह्यातील लोखंडाचा शोध आम्ही सोडून देत आहोत. ज्यांना भेटायचे ते अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हते. वेळ काढावा म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा एक भूशास्त्रीय नकाशा लावलेला होता आणि त्यावर दुर्ग परिसरात लोहखनिजाची ठळक खूण होती.

भारतीय पोलादाच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा 'नशिबाचा खेळ' म्हणून सांगितला जातो. या धाग्यात आपण वेगळा प्रश्न विचारू. तो नकाशा त्या भिंतीवर आला कसा?

२/
जमिनीत खनिज असणे ही निसर्गाची गोष्ट आहे. ते तेथे आहे हे कोणाला तरी ठाऊक असणे ही माणसाची गोष्ट आहे. परंतु उद्योग उभा राहण्यासाठी आणखी एक तिसरी गोष्ट लागते : ज्याने ती टेकडी कधी पाहिलेलीच नाही, अशा दूरच्या माणसालाही ते ज्ञान विश्वासाने वापरता आले पाहिजे.

ही तिसरी गोष्ट आपोआप घडत नाही. त्यासाठी नोंदींची एकसारखी पद्धत लागते, छापखाना लागतो, संग्रहालये लागतात आणि आपले निष्कर्ष उघडपणे मांडणारी माणसे लागतात. भारतात हे जाळे विणण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली. त्याचा आरंभ लोखंडापासून नव्हे, तर दगडी कोळशापासून झाला.

३/
राणीगंज परिसरात दगडी कोळसा आहे हे कंपनी सरकारला १७७४ पासून ठाऊक होते. त्या वर्षी हीटली आणि समनर या दोघांनी तेथे खाणकामाची परवानगी मिळवली. पण तो उद्योग तगला नाही. पुढे गंगेत आगबोटी चालू लागल्या आणि कोळशाची गरज एकाएकी वाढली. विलायतेहून जहाजाने आणलेला कोळसा महाग पडे.

१८३६ मध्ये दोन घटना घडल्या. द्वारकानाथ टागोरांनी राणीगंजची खाण विकत घेतली आणि कलकत्त्यात सरकारने कोळसा व इतर खनिजांच्या तपासासाठी एक समिती नेमली. ही 'कोल कमिटी' आपल्या कथेतील पहिली गाठ होय. तिचे सचिव होते डॉ. जॉन मॅक्लेलंड, पेशाने वैद्य.

४/
समितीचे कार्य आजच्या भाषेत सांगायचे तर माहितीचे संकलन हे होते. जिल्ह्याजिल्ह्यांतील मुलकी अधिकारी, लष्करी अभियंते, मोजणीदार यांच्याकडून पत्रे आणि दगडांचे नमुने कलकत्त्यास येत. आसाम, सिल्हेट, नर्मदेचे खोरे, पलामू अशा दूरदूरच्या प्रदेशांतील वार्ता प्रथमच एका ठिकाणी जमू लागल्या.

नमुने तपासण्याचे काम टाकसाळीतील धातुपरीक्षकांकडे जाई. कलकत्ता टाकसाळीचे हे धातुपरीक्षक कोण? जेम्स प्रिन्सेप! ब्राह्मी लिपी उलगडणारे तेच प्रिन्सेप. अशोकाच्या शिलालेखांवर काम चालू असतानाच, १८३८ मध्ये, एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय कोळशांच्या पृथक्करणाचा तक्ताही छापला गेला. शिलालेखांचे ठसे आणि कोळशाचे तुकडे एकाच टपालाने येत असावेत अशी ती काळाची रीत होती.

५/
परंतु या पत्रव्यवहारात एक मोठे वैगुण्य होते. नमुना पाठवणारा बहुधा भूशास्त्रज्ञ नव्हता. नदीकाठी उघडा पडलेला थर त्याला दिसे. तो किती जाड आहे, जमिनीखाली किती लांब गेला आहे, हे त्याला सांगता येत नसे. एकाचे 'उत्तम' दुसऱ्याच्या 'बऱ्या'शी जुळवता येत नसे.

म्हणजे माहिती पुष्कळ होती, पण ती एकमेकींशी तुलना करण्याजोगी नव्हती. मॅक्लेलंड यांनी म्हणून प्रशिक्षित भूशास्त्रज्ञांची मागणी केली. १८४६ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षणातील डी. एच. विल्यम्स आले, दोनच वर्षांनी जंगलातील तापाने ते दगावले. त्यांची जागा काही काळ मॅक्लेलंड यांनीच सांभाळली.

६/
४ मार्च १८५१ रोजी थॉमस ओल्डहॅम कलकत्त्यास उतरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना याच वर्षापासून मोजली जाते. सरकारची अपेक्षा सरळ होती : कोळसा शोधून द्या. ओल्डहॅम यांचे म्हणणे असे की, आधी खडकांचा क्रम समजून घेऊ, देशाचा पद्धतशीर नकाशा करू. कोळसा त्यातून आपोआप हाती लागेल.

हा वाद केवळ कार्यालयीन नव्हता. 'मला हवी तेवढीच माहिती द्या' आणि 'सर्वांच्या उपयोगी पडेल अशी माहिती उभी करा' या दोन दृष्टींमधला तो वाद होता. ओल्डहॅम यांनी १८७६ पर्यंत पंचवीस वर्षे दुसरी बाजू लावून धरली.

७/
त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे मोल त्या वेळी फारसे कोणाला जाणवले नसेल. त्यांनी सर्वेक्षणाचे निष्कर्ष छापण्याचा क्रम सुरू केला. १८५६ पासून 'मेमॉयर्स' ही ग्रंथमाला निघू लागली, १८६८ पासून 'रेकॉर्ड्स' हे नियतकालिक. एखाद्या कोळसाक्षेत्राचे सविस्तर वर्णन मेमॉयरमध्ये येई. चार पानांचे स्थानिक टिपण रेकॉर्ड्समध्ये येई.

ज्या काळात व्यापारी खाणीची माहिती तिजोरीत कुलूपबंद ठेवत, त्या काळात सरकारी खर्चाने मिळवलेली माहिती छापून विक्रीस ठेवली जात होती. हे औदार्य निखळ नव्हते. साम्राज्याचा महसूल आणि रेल्वेचे इंधन हाच त्यामागचा हेतू होता. परंतु छापलेला कागद हेतू विचारत नाही. तो कोणाच्याही हाती पडतो.

८/
जाळे केवळ सरकारी नव्हते. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. धर्मप्रसार आणि शाळा यांतून उरलेला वेळ ते जीवाश्म गोळा करण्यात घालवत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लेखन केले आणि नमुने लंडनला धाडले. मांगली येथे सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. नागपूरकर त्याला आजही 'अजब बंगला' म्हणतात.

९/
दगडातील पानांच्या ठशांचा कोळशाशी काय संबंध? फार निकटचा. दामोदर, सोन, महानदी, पेंच, वर्धा, गोदावरी या खोऱ्यांतील कोळशाबरोबर ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पाने सापडत. म्हणजे हे थर एकाच मालिकेतले. ही मालिका जेथे जेथे उघडी पडते, तेथे तेथे कोळशाची शक्यता.

या मालिकेला सर्वेक्षणातील मेडलिकॉट यांनी नाव दिले 'गोंडवना'. गोंड राजांच्या प्रदेशावरून आलेले हे नाव पुढे ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडवर्ड झ्यूस यांनी एका संपूर्ण प्राचीन भूखंडाला बहाल केले. आज जगातील कोणत्याही विद्यापीठात 'गोंडवाना' उच्चारले जाते, तेव्हा त्यात चांद्याच्या आणि गढ्याच्या गोंडांचे नाव असते. त्यांची माहिती मात्र नसते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

१०/
आता चांद्याकडे. आजचे चंद्रपूर. सर्वेक्षणातील ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील मेमॉयर १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकात वरोऱ्याला सरकारी कोळसाखाण चालू होती आणि वर्ध्याहून तेथवर रेल्वेचा फाटा गेला होता. चांदा जिल्ह्यातच लोहारा येथे उत्तम लोहखनिजाची टेकडी. कोळसा आणि लोखंड एकाच जिल्ह्यात!

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला. तो एका त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या वाचनात आला. पाच वर्षांपूर्वी, १ जानेवारी १८७७ रोजी, त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. त्यांचे नाव जमशेटजी टाटा.

११/
अहवालात आशा होती, तशी अडचणही होती. वरोऱ्याच्या कोळशापासून चांगला कोक होत नाही. पोलादाच्या झोतभट्टीत नुसता कोळसा चालत नाही. हवाबंद भट्टीत भाजून तयार केलेला टणक, सच्छिद्र कोक लागतो. तो भट्टीतील खनिजाचा भार पेलतो आणि उष्णता व वायू दोन्ही देतो. सर्वच कोळशांपासून असा कोक होत नाही.

दुसरी अडचण कायद्याची. खनिजाच्या शोधासाठी परवाने देण्याचे सरकारी नियम इतके जाचक होते की, कोणी भांडवलदार त्यात उतरेना. जमशेटजींनी अहवाल जपून ठेवला आणि ते थांबले. सतरा वर्षे. ज्ञान उपलब्ध असूनही ते वापरण्याचा मार्ग बंद असेल, तर काय होते याचे हे उदाहरण.

१२/
१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने शोधपरवान्यांचे नियम सैल केले. त्याच सुमारास मेजर मेहन यांचा भारतातील लोखंड-पोलाद उत्पादनाच्या शक्यतेवरील अहवाल आला. जमशेटजी पुन्हा उभे राहिले. लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची त्यांनी भेट घेतली. १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कचे सल्लागार अभियंता चार्ल्स पेज पेरिन यांना त्यांनी कामास राजी केले.

पेरिन यांनी आधी सी. एम. वेल्ड या भूशास्त्रज्ञांना पाठवले. १९०३ च्या ऐन उन्हाळ्यात वेल्ड, दोराबजी आणि त्यांचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला बैलगाड्यांतून चांद्याच्या जंगलात फिरू लागले. हेच सकलातवाला पुढे ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट सदस्य म्हणून गाजले.

१३/
वेल्ड यांचा निष्कर्ष निराशाजनक होता. लोहाऱ्याचे खनिज चांगले. पण साठे विखुरलेले, आणि जवळ कोक होणारा कोळसा नाही. मोठ्या कारखान्याचा हिशेब येथे बसत नाही.

येथे थोडे थांबू. 'येथे नाही' हेही ज्ञानच असते. वेल्ड यांनी आकडे सुशोभित केले असते, तर टाटांचे भांडवल चांद्याच्या जंगलात गाडले गेले असते आणि भारतीय पोलादाची कथा पहिल्याच पानावर संपली असती. खनिजांच्या इतिहासात फसलेल्या खाणींची संख्या यशस्वी खाणींपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा असाच कोणीतरी न उच्चारलेला 'नाही' असतो.

हीच बातमी घेऊन दोराबजी नागपूरला आले होते.

१४/
आता तो नकाशा. दुर्ग परिसरावरील खुणेवरून दोराबजी आणि वेल्ड मूळ टिपणापर्यंत पोहोचले. १८८७ च्या 'रेकॉर्ड्स'मध्ये रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या उद्योगाविषयी एक लेख छापलेला होता. लेखक : प्रमथनाथ बोस.

मंडळी धल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांवर पोहोचली. टेकडीच्या टेकडी लोहखनिजाची. लोखंडाचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक. सोळा वर्षांपूर्वी छापलेल्या त्या टिपणाकडे तोवर कोणा उद्योजकाने वळून पाहिले नव्हते. परंतु ते नष्टही झाले नव्हते. ते कलकत्त्याच्या ग्रंथालयात होते आणि नकाशावरील रंग बनून नागपूरच्या भिंतीवरही होते. जाळ्याचा अर्थ हाच : जेथे शोध लागला, त्याहून वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसाला, वेगळ्या वेळी तो सापडावा.

१५/
प्रमथनाथ बोस कोण? जन्म १८५५, बंगालमध्ये. शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले, तेथे विज्ञानाची पदवी आणि रॉयल स्कूल ऑफ माइन्सचे शिक्षण घेतले. १८८० मध्ये ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणात वरिष्ठ श्रेणीत दाखल झाले. त्या श्रेणीतील ते पहिले भारतीय. रमेशचंद्र दत्त त्यांचे सासरे.

१९०३ मध्ये सर्वेक्षणाचे प्रमुखपद रिकामे झाले. सेवेत बोस यांच्यापेक्षा दहा वर्षांनी कनिष्ठ असलेले थॉमस हॉलंड त्या जागी नेमले गेले. हॉलंड बुद्धिमान होते यात शंका नाही. पण बोस यांना डावलण्यामागचे कारण सर्वांना कळत होते. बोस यांनी सेवा सोडली आणि ते ओडिशातील मयूरभंज संस्थानात राज्य-भूशास्त्रज्ञ झाले.

ज्या वर्षी बोस यांचा जुना लेख दोराबजींच्या उपयोगी पडत होता, त्याच वर्षी खुद्द बोस त्या यंत्रणेतून बाहेर पडत होते.

१६/
आता १८८७ च्या त्या लेखाच्या विषयाकडे पुन्हा पाहा. तो 'लोखंडाच्या उद्योगा'विषयी होता. म्हणजे बोस तेथे गेले तेव्हा तेथे लोखंडाचा उद्योग चालू होता! मातीच्या लहान भट्ट्या, पायांनी चालवायचे भाते, सालाच्या लाकडाचा लोणारी कोळसा आणि पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणारे अगरिया व इतर लोहार समाज.

सर्वेक्षणातील भूशास्त्रज्ञांना मध्य भारतात लोहखनिज शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग ठाऊक होता : भट्ट्या कोठे आहेत, धातुमळीचे ढीग कोठे आहेत, ते पाहा आणि लोहारांना विचारा, 'दगड कोठून आणता?' कोणत्या टेकडीचा दगड जड, कोणत्या थराचे लोखंड ठिसूळ, हे त्या माणसांना पृथक्करणाच्या तक्त्याशिवाय ठाऊक होते.

नकाशावरील रंगाखाली असे अनेक हात आहेत. सर्वेक्षणाच्या पानांवर त्यांच्या जातीचे नाव येते, भट्टीचे मोजमाप येते. माणसाचे नाव क्वचितच येते.

१७/
आणि या देवघेवीत त्यांना परत काय मिळाले? विलायती लोखंड रेल्वेने स्वस्तात खेड्यापर्यंत आले. जंगले राखीव झाली आणि लोणारी कोळशासाठी लाकूड तोडणे गुन्हा ठरू लागले. भट्टीवर कर बसला. १९४२ मध्ये व्हेरिअर एल्विन यांनी अगरियांवर ग्रंथ लिहिला तेव्हा बहुतेक भट्ट्या विझलेल्या होत्या.

सामायिक ज्ञानाचा गौरव करताना हे विसरता कामा नये. ज्ञान एका दिशेने वाहिले. लोहारांकडून भूशास्त्रज्ञाकडे, भूशास्त्रज्ञाकडून छापखान्याकडे, छापखान्याकडून भांडवलाकडे. उलट दिशेने येणारी वाट त्या जाळ्यात बांधलेलीच नव्हती. लोहाराला ना रेकॉर्ड्सची भाषा येत होती, ना शोधपरवाना मिळत होता.

१८/
धल्ली-राजहऱ्याचे लोखंड अप्रतिम होते, तरी कारखाना तेथे झाला नाही. कोक होणारा कोळसा झरियाला, म्हणजे कित्येक शे मैल पूर्वेला. मोठ्या कारखान्याला लागणारे पाणीही हवे. संबळपूरजवळ महानदीच्या काठी एका जागेचा विचार चालू होता.

अशा वेळी मयूरभंजहून एक पत्र आले. तारीख २४ फेब्रुवारी १९०४. लिहिणारे प्रमथनाथ बोस, ज्यांना लिहिले ते जमशेटजी टाटा. मयूरभंजात गोरुमहिसानी येथे लोहखनिजाचा मोठा साठा आहे आणि तो झरियाच्या कोळशाला जवळ आहे, असे त्यात कळवले होते. त्याच वर्षी १९ मे रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. काम दोराबजींनी पुढे नेले.

१९/
पुढील घटना परिचित आहेत, म्हणून थोडक्यात. गोरुमहिसानीचे खनिज पाहून पेरिन व वेल्ड यांचे समाधान झाले. सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमाजवळ साकची गावाची जागा ठरली. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनीची नोंदणी झाली. स्वदेशीच्या लाटेत मुंबईत भागखरेदीसाठी झुंबड उडाली. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी भांडवल उभे केले. २ डिसेंबर १९११ रोजी पहिले बीड भट्टीतून बाहेर आले, १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलाद. १९१९ मध्ये साकचीचे नाव जमशेदपूर झाले.

आणि धल्ली-राजहरा? ते ज्ञान आणखी अर्धे शतक थांबले. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. तिच्यात खनिज आले ते याच टेकड्यांतून. १८८७ च्या टिपणाचा कारखाना झाला, बहात्तर वर्षांनी.

२०/
तिकडे हॉलंड यांनीही एक महत्त्वाचा पायंडा पाडला. भारतातील खनिज उत्पादनाचा पंचवार्षिक आढावा. पहिला आढावा १८९८ ते १९०३ या काळाचा. 'कोठे काय आहे' याच्या जोडीला 'किती निघते आणि कोठे जाते' याची नोंद सुरू झाली. फर्मर यांनी १९०९ मध्ये मँगनीजवर बृहद् मेमॉयर लिहिला. नागपूर, भंडारा, बालाघाटच्या खाणी त्यामुळे जगाच्या नकाशावर आल्या.

जगातही हेच वारे होते. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेने जगातील लोहखनिजाच्या साठ्यांचा ग्रंथ सादर केला. १९१३ मध्ये टोरांटोच्या परिषदेने जगातील कोळशाचा. 'पुढच्या पिढ्यांना पुरेल का?' हा प्रश्न प्रथमच सर्व देशांच्या आकड्यांवर एकत्र विचारला गेला.

२१/
टोरांटोनंतर एका वर्षातच महायुद्ध पेटले आणि आकडे पुन्हा तिजोरीत गेले. ब्रिटनला तेव्हा एक धक्कादायक गोष्ट उमगली. शस्त्रांच्या पोलादासाठी लागणाऱ्या टंगस्टनचे खनिज ब्रह्मदेशातून, म्हणजे त्यांच्याच साम्राज्यातून, निघत होते. पण ते शुद्ध करण्याची विद्या आणि कारखाने प्रामुख्याने जर्मनीत होते. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूचीही अशीच कथा. काथ्याला चिकटून आलेल्या वाळूवरून १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाने तिचा माग काढला होता.

धडा स्पष्ट होता. खाण आपली असून भागत नाही. खनिज कोठे जाते, कोण शुद्ध करते, कशासाठी वापरते, ही साखळी सगळी ठाऊक हवी. मणवाळकुरिचीच्या त्याच वाळूत आज चर्चेत असलेली दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आहेत.

२२/
आज परिस्थिती काय? २०२३ मध्ये भारत सरकारने ३० खनिजांना 'महत्त्वपूर्ण' ठरवले. लिथियम, कोबाल्ट, दुर्मिळ मृदा त्यांत आहेत. त्याच वर्षी सर्वेक्षणाची भूशास्त्रीय माहिती एकत्र ठेवणारे राष्ट्रीय भांडार संगणकावर खुले झाले. १८५६ च्या मेमॉयर्सचा हा थेट वंशज म्हणता येईल.

चांदा जिल्ह्याचा पूर्व भाग १९८२ पासून गडचिरोली जिल्हा आहे. तेथे सूरजागडच्या टेकड्यांवर आज लोहखनिजाचे उत्खनन चालते आणि त्यावरून वादही चालतो. परंतु १९०३ आणि आज यांत एक फरक पडला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या जंगलाविषयी बोलण्याचा कायदेशीर अधिकार दिला. उलट दिशेने येणारी वाट निदान कागदावर तरी आली. ती किती चालती आहे, हा प्रश्न इतिहासाचा नाही, वर्तमानाचा आहे.

२३/
तर मित्रहो, नागपूरच्या त्या दुपारी दोराबजींना जे गवसले, त्यात नशिबाचा वाटा होताच. अधिकारी जागेवर असते तर कदाचित ते संग्रहालयात शिरलेही नसते. पण भिंतीवर नकाशा असणे हे नशीब नव्हते. त्यामागे कोल कमिटीची पत्रे होती, तापाने गेलेले विल्यम्स होते, ओल्डहॅम यांचा हट्ट होता, बोस यांची पायपीट होती आणि दगड दाखवणारा तो अनाम लोहार होता.

२४/
शेवटी एक विनंती. विदर्भात, कोकणात, सह्याद्रीच्या घाटांत अनेक गावांजवळ काळ्या, जड, बुडबुड्यांच्या खळग्यांनी भरलेल्या दगडांचे ढीग आढळतात. गावकरी त्यांना कधी राक्षसाची हाडे म्हणतात, कधी नुसतेच 'जळके दगड'. त्यांतले बरेचसे जुन्या भट्ट्यांची धातुमळी असते. असा ढीग दिसला तर छायाचित्र घ्या, गावाचे नाव आणि जागा नोंदवा, वयस्कर माणसांना भट्टीच्या आठवणी विचारा. आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे नाव नोंदीत अवश्य लिहा. ढीग मात्र हलवू नका.

१८८७ च्या पानावर जी जागा रिकामी राहिली, ती आपल्या वहीत तरी राहू नये.

धागा समाप्त.